महामहोपाध्याय पां. वा. काणे : कायद्याचे प्राध्यापक आणि धर्मशास्त्राचे इतिहासकार

बाजारपेठेतील कोणत्याही जुन्या पेढीवर आयकराचे कागद चाळले तर 'हिंदू अविभक्त कुटुंब' हे तीन शब्द हमखास आढळतात. हिंगोली, वसमत, सेनगाव, कळमनुरी असो की मुंबईची मुळजी जेठा मार्केट असो, कर्ता कोण, सहदायाद कोण, वाटणी केव्हा झाली, हे प्रश्न व्यापारी घराण्यांच्या नित्य परिचयाचे आहेत. कायद्याने 'हिंदू' या व्याख्येत जैन, बौद्ध व शीख यांचा समावेश केलेला असल्यामुळे जैन घराणीही याच व्यवस्थेत येतात. परंतु ही व्यवस्था आली कोठून, तिचा मूळ ग्रंथ कोणता, तो कोणी व कोठे लिहिला, याची माहिती फार थोड्यांना असते. ही माहिती सप्रमाण गोळा करून तिचा इतिहास सिद्ध करण्याचे कार्य ज्या एका व्यक्तीने आयुष्यभर केले, ती व्यक्ती म्हणजे भारतरत्न महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे होय. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे अध्यापन केलेल्या या प्राध्यापकाचे खरे जीवनकार्य त्यानंतरच बहरास आले. संस्थेच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशा दीर्घोद्योगी पुरुषाचे स्मरण करणे उचित ठरेल.

बालपण आणि शिक्षण

पांडुरंगरावांचा जन्म 7 मे 1880 रोजी रत्नागिरी जिल्ह्यात चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम या गावी त्यांच्या आजोळी झाला. वडील वामनराव दापोलीस वकिली करीत. घरात वेदविद्येची परंपरा आणि कचेरीत इंग्रजी कायदा, अशा दोन प्रवाहांच्या संगमावर हे बालपण गेले. पुढे त्यांच्या संपूर्ण जीवनकार्याला याच संगमाने आकार दिला, असे म्हणावयास हरकत नाही.

दापोलीच्या मिशन हायस्कुलातून 1897 साली ते मॅट्रिक झाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातून 1901 साली त्यांनी बी. ए. ची पदवी संपादन केली व संस्कृतसाठी असलेले भाऊ दाजी पारितोषिक मिळविले. 1903 साली संस्कृत व इंग्रजी घेऊन ते एम. ए. झाले. घरची जबाबदारी असल्याने वकिलीच्या अनिश्चित उत्पन्नावर अवलंबून राहणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी सरकारी शिक्षकाची नोकरी पत्करली. 1904 पासून रत्नागिरीच्या सरकारी शाळेत व 1907 पासून मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात त्यांनी अध्यापन केले. दिवसा शाळा, रात्री अभ्यास, अशा क्रमाने 1908 साली ते एल्एल्. बी. झाले आणि 1912 साली हिंदू व मुसलमानी कायदा हा विषय घेऊन त्यांनी एल्एल्. एम्. ही पदवी मिळविली. त्याआधीच, 1911 साली, सरकारी नोकरीचा राजीनामा देऊन त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला होता. ठरलेला पगार आणि निवृत्तिवेतनाची शाश्वती सोडून वयाच्या एकतिसाव्या वर्षी नव्या व्यवसायात उतरणे, हा निर्णय धाडसाचाच होता.

विधी महाविद्यालयातील अध्यापन

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 साली स्थापन झालेले, कायद्याचे शिक्षण देणारी देशातील अत्यंत जुनी संस्था. 1917 ते 1923 या काळात काणे तेथे कायद्याचे प्राध्यापक होते. वकिली आणि अध्यापन ही दोन्ही कामे ते बरोबरीने करीत. ज्या महाविद्यालयाने काण्यांसारखा प्राध्यापक पाहिला, त्याच महाविद्यालयात पुढे 1928 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्राध्यापक झाले व 1935 साली प्राचार्यपदी आले. बाबासाहेबांच्या बालपणाची काही वर्षेही दापोलीसच गेली होती. एकाने प्राचीन स्मृतिग्रंथांचा इतिहास लिहिला, दुसऱ्याने स्वतंत्र भारताची राज्यघटना सिद्ध केली. एकाच महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून शिकविलेल्या दोन प्राध्यापकांचे हे कार्य पाहिले म्हणजे शिक्षकाच्या कामाची व्याप्ती लक्षात येते.

प्रस्तावना लिहिता लिहिता

इंग्रजी अमदानीत हिंदूंचे वारसा, दत्तक, वाटणी इत्यादी खटले धर्मशास्त्राच्या ग्रंथांवरून चालविले जात. न्यायाधीश इंग्रज, त्यांना संस्कृत येत नसे. आरंभी पंडितांचे मत घेतले जाई, पुढे भाषांतरांवर काम चालू लागले. कोलब्रुक यांनी 1810 साली मिताक्षरेतील वारसाविषयक भागाचे व दायभागाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि अशा भाषांतरांच्या आधारे घरेदारे, शेतीवाडी व दुकाने यांचे निवाडे होऊ लागले. मूळ शब्दाचा अर्थ थोडा जरी चुकला, तरी एखाद्या विधवेची पोटगी किंवा एखाद्या मुलाचा वाटा जाई. म्हणून मूळ संस्कृत ग्रंथांच्या शुद्ध आवृत्त्यांची नितांत गरज होती.

मुंबई इलाख्यात नीलकंठभट्टांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण येथे त्याला अग्रमान होता, तर उर्वरित महाराष्ट्रात मिताक्षरेला. या व्यवहारमयूखाची चिकित्सक आवृत्ती काण्यांनी तयार केली व ती 1926 साली प्रसिद्ध झाली. या आवृत्तीला प्रस्तावना जोडावी, तीत धर्मशास्त्राच्या वाङ्मयाचा थोडा इतिहास द्यावा, असा त्यांचा मानस होता. परंतु लिहू लागताच त्यांच्या ध्यानात आले की हा विषय प्रस्तावनेत मावणारा नाही. त्यातूनच 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' या महाग्रंथाचा जन्म झाला.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने तो प्रसिद्ध केला. पहिला खंड 1930 साली निघाला, तेव्हा काण्यांचे वय 50 होते. दुसरा खंड दोन भागांत 1941 साली आला, तिसरा 1946 साली, चौथा 1953 साली, आणि पाचव्या खंडाचे दोन भाग 1958 व 1962 साली. शेवटचा भाग हातावेगळा झाला तेव्हा ते 82 वर्षांचे होते. सर्व मिळून सुमारे साडेसहा हजार पृष्ठे! या काळात पोटाच्या जुनाट विकाराने त्यांना सतत त्रास दिला. त्यांनी वकिली केली, विद्यापीठाचा कारभार पाहिला, संसदेत काम केले. परंतु ग्रंथाचे काम थांबू दिले नाही. मोठा साहाय्यक वर्ग नाही, यंत्रे नाहीत, संगणक तर कल्पनेतही नव्हता. हस्तलिखिते वाचावयाची, टिपणे काढावयाची, ताडून पाहावयाची, आणि मगच एक वाक्य लिहावयाचे, अशी ही साधना होती.

येथे एक गोष्ट जैन वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. भांडारकर संस्थेत जो सरकारी हस्तलिखित संग्रह ठेवण्यात आला, तो ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, रामकृष्ण गोपाळ भांडारकर आदी विद्वानांनी गावोगाव हिंडून जमविलेला होता. त्यात जैन हस्तलिखितांचा फार मोठा वाटा आहे आणि त्यांची वर्णनात्मक सूची प्रा. हीरालाल रसिकदास कापडिया यांनी सिद्ध केली. शतकानुशतके जैन ग्रंथभांडारांनी ताडपत्रे व पोथ्या जपल्या म्हणूनच आधुनिक काळातील संशोधनाला एवढे भांडवल उपलब्ध झाले.

धर्मशास्त्राचे मराठवाड्याशी नाते

काण्यांच्या ग्रंथाचा पहिला खंड वाचताना मराठवाड्याच्या वाचकाला एक सुखद आश्चर्य वाटते. आपला हा प्रदेश मागासलेला म्हणून ओळखला जातो. परंतु देशभराचा हिंदू कायदा ज्या ग्रंथांवर उभा राहिला, त्यांपैकी प्रमुख ग्रंथांची नाळ याच भूमीशी किंवा तिच्या शेजाराशी जोडलेली आहे.

अविभक्त कुटुंबाचा पाया ज्या 'मिताक्षरे'त आहे, तो ग्रंथ विज्ञानेश्वरांनी चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कल्याण या राजधानीत लिहिला. हे कल्याण म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण, पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील. ग्रंथाचा काळ काण्यांनी इ. स. 1070 ते 1100 च्या दरम्यानचा ठरविला. पुत्राला जन्मतःच वडिलार्जित मिळकतीत हक्क प्राप्त होतो, हे तत्त्व याच ग्रंथाने दृढ केले. बंगालात मात्र जीमूतवाहनाचा दायभाग चाले व तेथे पित्याच्या मृत्यूपर्यंत पुत्राला असा हक्क नसे.

तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने 'चतुर्वर्गचिंतामणी' हा प्रचंड ग्रंथ रचला. व्रते, दाने, श्राद्ध, काल यांविषयीचा तो जणू कोशच. ज्याच्या नावाने 'हेमाडपंती' ही बांधणीची शैली ओळखली जाते, तोच हा हेमाद्री. औंढा नागनाथाचे मंदिर याच शैलीचा उत्तम नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. हिंगोली जिल्ह्यातील माणसाने त्या दगडांवर हात फिरविला असेल. त्याच नावाच्या पुरुषाने ग्रंथाचेही मंदिर उभारले होते, हे काण्यांच्या ग्रंथातून उमगते.

आणि व्यवहारमयूखाचे कर्ते नीलकंठभट्ट? त्यांचे घराणे मूळचे पैठणचे. पणजोबा रामेश्वरभट्ट पैठणहून निघाले व कुटुंब काशीस स्थिरावले. आजोबा नारायणभट्ट काशीच्या पंडितांचे अग्रणी ठरले. 1674 साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट हे याच भट्ट घराण्याच्या दुसऱ्या शाखेतील. म्हणजे मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्या ग्रंथावर वाद चालत, त्याचे मूळ गोदातीरावर होते.

शास्त्र आणि मनुष्य

काणे केवळ पोथीपंडित नव्हते, हे सांगणे आवश्यक आहे. शास्त्रात सर्व काही अनादी व अपरिवर्तनीय आहे, असे मानणारा एक वर्ग त्या काळी होता. तर शास्त्र म्हणजे टाकाऊ कचरा, असे मानणारा दुसरा. काण्यांनी दोघांचीही भीड बाळगली नाही. त्यांनी एवढेच विचारले की अमुक रूढी कोणत्या ग्रंथात, कोणत्या काळी, प्रथम आढळते?

विधवांच्या केशवपनाचे उदाहरण घ्यावे. ही रूढी वेदकाळापासूनची आहे, अशी समजूत होती. काण्यांनी दुसऱ्या खंडात वेद, सूत्रे, स्मृती, टीका असे एकामागून एक ग्रंथ तपासून दाखविले की तिला प्राचीन आधार नाही. ती साधारणतः दहाव्या-अकराव्या शतकानंतर हळूहळू रूढ झाली. हा निष्कर्ष केवळ कागदावर राहिला नाही. केशवपन न केलेल्या एका विधवेला पंढरपूरच्या मंदिरात पूजेस मज्जाव करण्यात आला, तेव्हा वकील या नात्याने काण्यांनी तिची बाजू मांडली. ज्या विठ्ठलाच्या द्वारी आपल्या नर्सीच्या नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते, त्याच द्वारी एका स्त्रीला केसांसाठी अडविले जावे आणि तिच्या बाजूने धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा जाणकार उभा राहावा, ही घटना पुष्कळ काही सांगून जाते. अस्पृश्यतेविषयीही वैदिक वाङ्मयात तिला आधार सापडत नाही, हे त्यांनी साधार मांडले.

तिसऱ्या खंडातील 'कलिवर्ज्य' प्रकरण याच दृष्टीने वाचनीय आहे. एके काळी शास्त्राने संमत केलेल्या पन्नासहून अधिक गोष्टी पुढील शास्त्रकारांनी कलियुगात वर्ज्य ठरविल्या. म्हणजे काळाबरोबर आचार बदलतो, हे खुद्द शास्त्रकारांनाही मान्य होते. सुधारणा म्हणजे शास्त्रद्रोह नव्हे, हे शास्त्राच्याच साक्षीने सिद्ध झाले. याच जिल्ह्यात 1932 साली जन्मलेले नरहर कुरुंदकर यांनी पुढे मनुस्मृतीची परखड चिकित्सा केली. तिचा सूर वेगळा होता. तथापि अशा चिकित्सेला लागणारी भक्कम सामग्री काण्यांच्या पिढीने उपलब्ध करून ठेवली होती.

जैन समाज आणि कायदा

जैनांना कोणता कायदा लागू, हा प्रश्न इंग्रजी न्यायालयांपुढे वारंवार आला. वेगळी रूढी सिद्ध झाली नाही तर हिंदू कायदा लागू, असे साधारण सूत्र ठरले. 1878 साली प्रिव्ही कौन्सिलने शिवसिंग राय विरुद्ध दाखो या खटल्यात जैनांची रूढी मान्य केली. पुत्रहीन जैन विधवेला पतीच्या स्वार्जित मिळकतीवर पूर्ण हक्क आहे व पतीच्या आज्ञेवाचून ती दत्तक घेऊ शकते, असे त्यात ठरले. त्या काळी अन्य समाजांतील विधवेला केवळ हयातीपुरता हक्क मिळे. हे ध्यानात घेता जैन स्त्रीचे स्थान किती वरचे होते, हे स्पष्ट होते. पुढे बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी 1926 साली 'द जैन लॉ' हा ग्रंथ सिद्ध करून जैन नीतिग्रंथांतील वचने न्यायालयांपुढे ठेवली. व्यवहारमयूखाची काणेकृत आवृत्ती आणि चंपतरायांचा ग्रंथ एकाच वर्षी निघावेत, हा योगायोग लक्षणीय आहे. रूढी सांगून भागत नाही, ती ग्रंथाने व पुराव्याने शाबीत करावी लागते, हे दोघांनीही ओळखले होते.

1953 ते 1959 या काळात काणे राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. याच काळात हिंदू विवाह कायदा (1955) आणि वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी हे कायदे (1956) संमत झाले. हजारो वर्षांच्या ज्या व्यवस्थेचा इतिहास त्यांनी लिहिला, तिचे मोठे भाग रद्द होताना त्यांना सभागृहात बसून पाहावयास मिळाले. 1994 साली महाराष्ट्राने व 2005 साली केंद्राने कन्येलाही सहदायादाचा हक्क दिला. मिताक्षरेतील पुत्राचा जन्मसिद्ध हक्क आज कन्येचाही झाला आहे.

दान, उत्सर्ग आणि विश्वस्त

धार्मिक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी विशेषेकरून वाचावा असा भाग म्हणजे दुसऱ्या खंडातील दान आणि प्रतिष्ठा-उत्सर्ग ही प्रकरणे. दान आणि उत्सर्ग यांतील भेद तेथे सांगितला आहे. दानात देणारा आपले स्वामित्व सोडतो व घेणारा ते स्वीकारतो. दिलेल्या वस्तूचा दात्याने पुन्हा उपभोग घ्यावयाचा नसतो. उत्सर्गात विहीर, तलाव, धर्मशाळा सर्व लोकांसाठी सोडली जाते. तेथे दाताही पाणी पिऊ शकतो. परंतु मालक म्हणून नव्हे, लोकांपैकी एक म्हणून.

हे सूत्र किती मोलाचे आहे! ज्याने खोली बांधून दिली, ज्याने जमीन दिली, त्याचे नाव शिलेवर राहते, हक्क मात्र सर्वांचा होतो. संस्थांमधील बहुतेक कलह या एका गोष्टीच्या विस्मरणातून उद्भवतात. 1950 चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, ज्याला आता महाराष्ट्राचे नाव आहे, तो नोंदणी, हिशेब, लेखापरीक्षण आणि विश्वस्तबदलाची धर्मादाय कार्यालयाकडे नोंद या गोष्टी बंधनकारक करतो. कायद्याची भाषा नवी आहे. परंतु 'हे माझे नाही, सर्वांचे आहे' हा तिचा गाभा जुनाच आहे. अपरिग्रहाचे व्रत मानणाऱ्या समाजाला तो निराळा शिकवावयास नको.

मानसन्मान आणि अखेर

1942 साली काण्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. 1947 ते 1949 ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. 1956 साली ग्रंथाच्या चौथ्या खंडास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. 1959 साली प्राच्यविद्येचे राष्ट्रीय प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. 1963 साली डॉ. झाकिर हुसेन यांच्यासमवेत त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान देण्यात आला. एवढे होऊनही त्यांची बैठक गिरगावातील आंग्रेवाडीच्या घरातील पुस्तकांमध्येच राहिली. भारतरत्न मिळाल्यानंतरही त्यांनी पहिल्या खंडाची सुधारित आवृत्ती हाती घेतली; तिचा पहिला भाग 1968 साली निघाला. दुसरा भाग 1975 साली प्रसिद्ध झाला, तो पाहावयास ते राहिले नव्हते. 1972 साली, वयाची नव्वदी ओलांडून, त्यांनी देह ठेवला. पुस्तक पुरे झाले असे जगाने म्हटले, तरी त्यांनी स्वतः ते पुरे मानले नाही.

मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने त्यांच्या नावे संशोधन संस्था चालविली आहे. त्यांचा महाग्रंथ मराठीत सारांशरूपाने व हिंदीत अनुवादरूपाने उपलब्ध आहे. आपल्या भागातील वाचनालयांत व मंदिरांच्या ग्रंथालयांत तो असावयास हवा.

जैन परंपरेत आहारदान, औषधदान, अभयदान आणि शास्त्रदान अशी चार दाने सांगितली आहेत. आहारदान व औषधदान आपला समाज उदारपणे करतो, त्याची फळेही तत्काळ दिसतात. शास्त्रदानाचे फळ मात्र उशिरा येते. कित्येकदा दात्याच्या पश्चातच येते. प्रा. काणे जन्माने जैन नव्हते. परंतु वयाच्या 82 व्या वर्षापर्यंत त्यांनी जे केले, त्याला शास्त्रदान याहून समर्पक शब्द नाही. नोकरीतून वा व्यवसायातून निवृत्त झालेल्या ज्येष्ठांनी आता काय करावे, असा प्रश्न अनेक घरांतून ऐकू येतो. त्याचे उत्तर या चरित्रात आहे. प्रत्येकाला साडेसहा हजार पृष्ठे लिहावयाची नाहीत. परंतु मंदिरातील पोथ्यांची यादी करणे, जुन्या वह्यांतील नोंदी उतरवून ठेवणे, आपल्या गावातील समाजाचा वृत्तान्त वृद्धांच्या तोंडून लिहून घेणे, एवढे काम प्रत्येकाच्या आवाक्यातील आहे. जुने लोक गेले की त्यांच्यासोबत ती माहितीही जाते. संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांचा शुभारंभ अशा एखाद्या वहीच्या पहिल्या पानाने झाला, तर या थोर प्राध्यापकाचे स्मरण सार्थकी लागेल.